मोशीच्या फ्लॅटवर काढलेलं मॉर्गेज लोन : पैसे आले पण सव्विसाव्या दिवशी

रेटिंग आधीच देते, ५ पैकी ३. कर्ज वाईट नाही, व्याजही ठीक, पण ज्या कामासाठी आम्ही ते काढलं त्या कामाला ते वेळेवर आलं नाही आणि त्यात चूक निम्मी बँकेची आणि निम्मी आमची होती. बँकेचं नाव लिहीत नाहीये. चारपाच ठिकाणी चौकशी केली होती, कागद सगळीकडे साधारण तेच मागत होते, त्यामुळे नावापेक्षा प्रोसेस समजून घ्या. ज्यांनी गुंतवणूक म्हणून दुसरा तिसरा फ्लॅट घेऊन ठेवलाय आणि घरात साठीच्या पुढची माणसं आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आम्ही अगदी तसेच होतो.

आमची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. राहतो चिंचवडला, त्या घराचं होम लोन चालू आहे. मोशीला एक टू बीएचके २०१६ ला ३८ लाखाला घेतलेला, त्याचं कर्ज २०२२ ला फिटलं, भाडं येतं १८,५००. आणि पुनावळेला एक बुकिंग केलेलं, अंडर कन्स्ट्रक्शन, त्याचे स्लॅबचे हप्ते आम्ही कर्ज न काढता पगारातून आणि बोनसमधून भरत होतो. मला भाऊ नाही, बहीण नाही, आईबाबा आमच्याच शेजारच्या सोसायटीत बाबांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नवऱ्याचं आणि माझं कायम एकच म्हणणं असायचं की बँकेत पैसे ठेवून काय होणार, जागेत टाकू, अडीनडीला फ्लॅट आहेच की. मेडिक्लेम बाबांचा होता, सिनियर सिटिझनवाला, ५ लाखाचा, पाच वर्षं क्लेम न केल्याने बोनस धरून साडेसात लाख झालेला. वाटायचं पुरे आहे.

१२ नोव्हेंबर २०२४, कार्तिकी एकादशी होती, दोघांचा उपास, रात्री दीडच्या सुमाराला आईचा फोन आला की बाबांना घाम सुटलाय आणि डावा हात दुखतोय. जे हॉस्पिटल सगळ्यात जवळ तिथे नेलं. सकाळी अँजिओ झाली, तिन्ही नसांमध्ये ब्लॉक, डॉक्टर म्हणाले स्टेंटने भागणार नाही, बायपास. शनिवारी १६ तारखेला ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं पण नंतर छातीत इन्फेक्शन झालं आणि बाबा आठ दिवस व्हेंटिलेटरवर गेले. एकूण २१ दिवस ॲडमिट, ३ डिसेंबरला डिस्चार्ज, बिल ११ लाख ८० हजार.

आता मेडिक्लेमचं काय झालं ते आधी, कारण कर्जाची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. बाबांच्या पॉलिसीत रूमचं भाडं मूळ रकमेच्या १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० पर्यंतच होतं. त्या रात्री जी रूम मिळाली ती ८,५०० ची. मला वाटलं वरचे साडेतीन हजार आपण भरू, संपलं. तसं नसतं. रूम लिमिटच्या वरची घेतली की बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते, सर्जनची फी, ओटी, डॉक्टरांच्या व्हिजिट, सगळ्याला. ५,००० भागिले ८,५००, म्हणजे रुपयातले ५९ पैसेच मंजूर. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे जे मंजूर होईल त्यातलाही पाचवा हिस्सा आपला. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) मंजुरी आली ती ५ लाख २७ हजारांची. उरले साडेसहा लाख, संध्याकाळपर्यंत भरा.

(या क्लेमचं पुढे काय झालं ते खाली लिहिलंय, ते चुकवू नका, त्यात सव्वादोन लाख परत मिळालेत.)

तर कर्ज. मॉर्गेज लोनचा अर्ज आम्ही १४ तारखेलाच केला होता, म्हणजे बायपास ठरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. नवरा आयसीयूच्या बाहेर बसून फोनवर बँकेच्या माणसाशी बोलत होता. तो माणूस म्हणाला मॅडमचा फ्लॅट क्लिअर आहे ना, कर्ज फिटलेलं आहे ना, मग आठ दिवसात पैसे. मी ते ऐकून निर्धास्त झाले. आठ दिवसात कागद पण गोळा झाले नाहीत.

काय काय लागतं ते एकदा नीट सांगते. मूळ करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), रजिस्ट्रेशनची पावती, आधीच्या बँकेचं नो ड्यूज आणि त्यांनी परत केलेल्या कागदांची यादी, कम्प्लीशन सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सची चालू वर्षाची पावती, दोघांचे तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मग बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतो, जागा आधी कोणाची होती वगैरे, आणि व्हॅल्युअर येऊन फ्लॅट बघून जातो. मग सँक्शन, मग करारावर सह्या, स्टॅम्प ड्युटी, मूळ कागद बँकेत जमा, त्याची नोंदणी, आणि मग चेक.

आमचं कुठे अडलं? प्रॉपर्टी टॅक्सचं बिल अजून बिल्डरच्या नावावर येत होतं. आठ वर्षं आम्ही ते ऑनलाइन भरत होतो, वरचं नाव कधी वाचलंच नाही. महापालिकेच्या करसंकलन ऑफिसात नाव लावून घ्यायला लागलं. शेअर सर्टिफिकेट आम्ही सोसायटीकडून कधी घेतलंच नव्हतं, सेक्रेटरी गावाला गेलेले. आणि आधीच्या बँकेने कर्ज फिटल्यावर दिलेली कागदांची यादी नवऱ्याने कुठल्यातरी पिशवीत ठेवलेली, ती माझ्या नणंदेने तीन तास शोधून काढली, मी हॉस्पिटलमध्ये आणि ती आमच्या घरी माळ्यावर चढलेली. या तीन गोष्टीत नऊ दिवस गेले. हे नऊ दिवस आमचे, त्याचा दोष मी बँकेला देणार नाही.

बँकेचा दोष असा की व्हॅल्युअर दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. २० ला विधानसभेचं मतदान, सुट्टी. मग आळंदीची कार्तिकी यात्रा आली, त्या आठवड्यात मोशी आळंदी रोडला दिंड्या आणि गर्दी असते हे आम्हाला माहीत आहे, पण त्या माणसाने ते कारण सांगून पाच दिवस पुढे ढकललं आणि भाडेकरू बिचारे दोनदा सुट्टी टाकून घरी थांबले. आणि शेवटी व्हॅल्युएशन किती, तर ५५ लाख. बाजारात त्या सोसायटीत तेव्हा ६२ ला सौदे होत होते. बँक कमी धरतेच, त्याची तयारी ठेवा. त्याच्या ६० टक्के म्हणजे ३३ लाख मिळायला हवे असं मी मनात धरून बसलेले, पण पगारातून आधीचा होम लोनचा हप्ता वजा करून त्यांनी १८ लाख मंजूर केले. फ्लॅटची किंमत काही असो, कर्ज शेवटी पगार बघूनच मिळतं. आम्ही १५ घेतले.

दहा डिसेंबरला पैसे खात्यात आले. बाबांना घरी येऊन आठवडा झाला होता.

मग डिस्चार्जच्या दिवशी साडेसहा लाख कुठून आले? सांगते. गोल्ड लोन ३ लाख, माझे तोडे आणि पाटल्या, आणि सासूबाईंनी स्वतःहून आणून दिलेली त्यांची बोरमाळ. सकाळी अकराला गेलो, दुपारी दीडला पैसे खात्यात, कागद म्हणून आधार आणि पॅन. नवऱ्याची २ लाखाची एफडी मोडली. आणि कराडच्या काकांनी दीड लाख पाठवले, त्यांच्या आल्याच्या पिकाचे पैसे नुकतेच हातात पडलेले, त्यांनी विचारलंही नाही की परत कधी देणार. ६२ लाखाचा फ्लॅट नावावर असून मी काकांकडे पैसे मागितले ते मला अजून आठवतं आणि अजून वाईट वाटतं.

आणि बाबांची स्वतःची ७ लाखाची एफडी होती. त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते व्हेंटिलेटरवर. नॉमिनी आई आहे, पण नॉमिनीला माणूस गेल्यावर पैसे मिळतात, माणूस आजारी असताना नाही. ब्रँच मॅनेजर बाई खूप चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. तीच गोष्ट बाबांच्या राहत्या घराची. एका ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) माणूस शुद्धीत असतानाच करता येतं आणि तोवरच चालतं, बेशुद्ध माणसाच्या मालमत्तेला हात लावायचा तर पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. हायकोर्टात! हे ऐकून मी हॉस्पिटलच्या जिन्यातच खाली बसले. आपण सगळं आयुष्य जागा घेण्यात घालवतो आणि जागा ज्याच्या नावावर तोच माणूस आजारी पडला तर ती जागा त्याच्याच कामाला येत नाही, हे मला एकाही एजंटने, एकाही बिल्डरच्या माणसाने कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं ते कामही नाही म्हणा. आता ती एफडी आईबाबा दोघांच्या नावावर केलीय, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो अशी, आणि मुदतीआधी मोडायला एकाचीच सही चालेल असं बँकेला वेगळं लिहून दिलंय. हे वेगळं लिहून द्यावं लागतं हे लक्षात ठेवा, नाहीतर नाव दोघांचं असून मोडताना दोघांच्या सह्या मागतात.

विकून टाकायचा विचार केला नाही का? केला ना. मोशीच्या एजंटला फोन केला, त्याने दुसऱ्या दिवशी पार्टी आणली. माणूस म्हणाला पंधरा दिवसात पूर्ण पेमेंट करतो, ५४ लाख. आम्ही गरजू आहोत हे त्याला कळलेलं होतं, एजंटनेच सांगितलं असणार. ६२ देणारे होते पण त्यांना होम लोन काढायचं होतं, म्हणजे दीड दोन महिने. शिवाय भाडेकरूला एक महिन्याची नोटीस, ५० लाखाच्या वर असल्याने खरेदीदार १ टक्का टीडीएस कापणार, आणि कॅपिटल गेन म्हणजे नफ्यावरचा कर वेगळा, जुलै २०२४ च्या बजेटनंतर आमच्यासारख्या जुन्या खरेदीला एकतर इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) न धरता साडेबारा टक्के किंवा धरून वीस टक्के, जे कमी बसेल ते. नवरा एका रात्री तर विकायला तयार झाला होता. मी आकडे मांडले. ६२ चा ५४ ला द्यायचा म्हणजे ८ लाख एका सहीत गेले. १५ लाखाच्या कर्जाचा हप्ता १० वर्षांसाठी १९,७०० बसतो, पूर्ण दहा वर्षं चालवलं तरी व्याज साडेआठ लाखाच्या आसपास, आणि फ्लॅट आपलाच राहतो, आणि मधे पैसे आले की भरून टाकता येतात. म्हणून विकला नाही. इथे या कर्जाला मी पूर्ण मार्क देते. उशिरा आलं, पण ते येणार आहे एवढ्या भरवशावर काकांना आणि सोन्याला तारीख देता आली आणि फ्लॅट मातीमोल विकायची वेळ टळली.

१५ लाखच का, बिल तर साडेसहा राहिलं होतं, असं विचाराल. आजारपणाचा खर्च डिस्चार्जला संपत नाही. जानेवारीत बाबांच्या छातीत पाणी झालं, परत चार दिवस ॲडमिट, १ लाख ४० हजार, आणि पॉलिसीची त्या वर्षाची रक्कम तोवर आमच्या हिशोबाने (तो खाली क्लेमच्या गोष्टीत येतो) संपल्यात जमा, म्हणून खिशातून. घरी चोवीस तासांचा माणूस ठेवला ब्यूरोकडून, महिना २६,०००, पाच महिने. फिजिओ, औषधं, ते वेगळंच. आणि बरोबर २५ नोव्हेंबरला, बाबांचा व्हेंटिलेटर काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुनावळेच्या बिल्डरचं डिमांड लेटर, पाचवा स्लॅब पडला, ५ लाख ४० हजार, पंधरा दिवसात. स्लॅबला काय माहीत आपल्या घरात काय चाललंय. उशीर केला तर व्याज, स्टेट बँकेचा सगळ्यात जास्त एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा आधार दर) अधिक २ टक्के, हा रेराच्या (बिल्डरांसाठीचा कायदा) नियमातलाच दर आहे आणि बिल्डरने ताबा उशिरा दिला तर त्यालाही तोच लागतो, त्यामुळे तक्रार नाही. पण करारात तीन हप्ते चुकले तर नोटीस देऊन बुकिंग रद्द करायचं कलमही असतं. आम्ही बिल्डरच्या ऑफिसात जाऊन डिस्चार्जचे कागद दाखवले, तिथल्या मुलीने साहेबांशी बोलून एक महिना दिला आणि व्याज लावलं नाही. हे लेखी मागून घ्या, आम्ही ईमेलवर घेतलं.

म्हणजे आजारपण बाबांचं, पण धक्का तिन्ही जागांना बसला. मोशीवर बोजा चढला, पुनावळेचा हप्ता थांबला, आणि बाबांचं घर असून नसल्यासारखं. मोशीचं भाडं १८,५०० आणि कर्जाचा हप्ता १९,७००. आठ वर्षं जे भाडं आम्ही उत्पन्न म्हणून मोजत होतो ते सगळं आता बाबांच्या बायपासला जातं, वर मेंटेनन्स आणि टॅक्स खिशातून. मला त्याचं दुःख नाही, बाबा आहेत. पण फ्लॅट घेताना मी जो कागदावर परतावा काढला होता त्यात ही ओळ कुठेच नव्हती.

सरकारी मदतीचं पण बघितलं, खोटं कशाला बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, ५ लाखापर्यंत, पण आम्ही नेलं ते हॉस्पिटल त्या योजनेत नव्हतं आणि रात्री दीडला यादी कोण बघतं. तुम्ही मात्र आज बघून ठेवा, जवळची दोन नावं फ्रिजवर लावा. ७० च्या वरच्यांना आयुष्मानचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, ते २०२४ च्या ऑक्टोबरातच सुरू झालेलं, बाबा ६८ चे. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, तिथे आमचा अर्ज बसत नाही आणि बसूही नये, ते बेड ज्यांना खरंच काही नाही त्यांचे आहेत.

आता कर्जाचे बाकी बरेवाईट मुद्दे पटापट. प्रोसेसिंग फी पाऊण टक्का अधिक जीएसटी, १३,२७५. वकील आणि व्हॅल्युअरचे मिळून ६,५००. स्टॅम्प ड्युटी वेगळी. सँक्शनच्या वेळी बँकेचा माणूस ४८,००० चा कर्जाचा विमा जोडत होता, म्हणे कंपल्सरी आहे, याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. कंपल्सरी नसतो. मी म्हटलं हे मला ईमेलवर लिहून द्या, तर दुसऱ्या दिवशी तो विषय बंद. माझं डोकं त्या दिवसात ठिकाणावर नव्हतं, तरी एवढं सुचलं हे नशीब, नाहीतर अशा वेळी माणूस दिसेल तिथे सही करतो आणि त्यांना ते माहीत असतं. हे मला आवडलं नाही, एक स्टार इथेच कापलाय. व्याज ९.८५ ने सुरू झालं, फ्लोटिंग म्हणजे बदलतं, रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं, ते मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. २०२५ मध्ये रेपो एकंदर सव्वा टक्का उतरला, माझा दर पण उतरत गेला, हप्ता मी तेवढाच ठेवलाय म्हणजे मुदत कमी होते. आणि स्वतःच्या घरगुती कारणासाठी फ्लोटिंग दराने घेतलेलं असलं की मुदतीआधी भरायला दंड नाही, त्यामुळे कारण म्हणून वैद्यकीय खर्च असं स्पष्ट लिहा, बिझनेस वगैरे लिहू देऊ नका, आमच्या फॉर्मवर त्या माणसाने आपल्या सोयीने बिझनेस टिक केलं होतं, ते मी खोडून घेतलं.

आता क्लेमची गोष्ट. जानेवारीत माझ्या ऑफिसातला एक मुलगा, त्याची आई आधी विमा कंपनीत होती, तिने आमचं बिल बघितलं आणि म्हणाली, हे चुकीचं कापलंय. आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियम असा की रूमच्या प्रमाणात कपात करायची ती रूमशी जोडलेल्या खर्चावरच, म्हणजे सर्जन, ओटी, नर्सिंग, व्हिजिट वगैरे. औषधं, सर्जिकल सामान, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आमच्या बिलात औषधं आणि सामानच ४ लाख ३० हजारांचं होतं, आयसीयू २ लाख ६० हजार, तपासण्या १ लाख १० हजार. टीपीएने सरसकट सगळ्यालाच ५९ टक्के लावलेलं. मी दोन रात्री बसून एक्सेलमध्ये लाइन बाय लाइन मांडलं. कापून, को-पे लावून, हातमोजे वगैरे न मिळणारे ६० हजार काढूनही पूर्ण साडेसात लाख मिळायला हवे होते. कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवलं, महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपालाकडे अर्ज केला, पुण्यातच ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, वकील चालतच नाही. सुनावणी लागायच्या आधीच कंपनीकडून २ लाख २३ हजार आले. ते जसेच्या तसे मॉर्गेज लोनमध्ये भरले. लोकपालाच्या या सोयीला माझ्याकडून ५ पैकी ५, आणि ज्यांचा क्लेम असा कापला गेलाय त्यांनी एक वर्षाच्या आत जायला हवं एवढं ध्यानात ठेवा.

सोनं १४ डिसेंबरलाच सोडवलं, काकांचे त्याच दिवशी पाठवले. पुनावळेचा हप्ता भरला. त्यानंतर आम्ही जे बदललं ते पण सांगते कारण त्याचा कर्जाशी संबंध आहे. चऱ्होलीला एक प्लॉट बघत होतो, थांबवला. आम्हा दोघांना आणि मुलाला सुपर टॉप-अप (मूळ मेडिक्लेमच्या वरचा जादा विमा) घेतला, ५ लाखाच्या वरचे २० लाख, वर्षाला सहा हजारांच्या आत बसतो, आमच्या वयात, आणि सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पण गेला त्यावरचा. टॉप-अप नाही, सुपर टॉप-अप, फरक मोठा आहे. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक ॲडमिशनला आधी ५ लाख ओलांडावे लागतात, सुपरमध्ये वर्षभराची बेरीज धरतात. बाबांना हा घेतलेला असता, बायपासच्या आधी, तर नोव्हेंबरचं उरलेलं बरंचसं बिल आणि जानेवारीचं ॲडमिशन त्यात बसलं असतं आणि मोशीवर बोजा चढला नसता. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी दोन वेळचं हॉटेलिंग सोडून घेतला असता. आईला तिच्या बीपीसकट मिळाला, बीपीसाठी थांबायला लागेल, जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होती. बाबांना आता बाहेर कोणी देत नाही, ते नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुपमध्ये पालक म्हणून घातले, त्याचा प्रीमियम बऱ्यापैकी आहे, भरतो. सुपर टॉप-अपला अजून क्लेम केलेला नाही त्यामुळे त्याला स्टार देत नाही.

आणि सगळ्या जागांचे कागद एका निळ्या फाइलमध्ये लावले. टॅक्सवर आमचं नाव, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू ची ताजी कॉपी, जुन्या बँकेची यादी. हे सगळं आज तयार असेल तर तुमचं मॉर्गेज लोन सव्वीस नाही, बारा पंधरा दिवसात होईल असं मला वाटतं. पण चार दिवसात होणार नाही, कितीही कोणी सांगितलं तरी, तेवढ्या दिवसांची सोय दुसरीकडेच हवी. आम्ही आता चार लाख साध्या एफडीत ठेवलेत, ज्यात परतावा काही नाही म्हणून नवरा आधी नाक मुरडायचा. आता तोच दर महिन्याला त्यात भर घालतो.

बाबा सकाळी मोरया गोसावींच्या मंदिरापर्यंत चालत जातात, येताना भाजी आणतात. त्यांच्या घराचं कुलमुखत्यारपत्र तेवढं राहिलंय, ते शुद्धीत असतील तोवरच चालेल, पण त्यांना धावपळ जमणार नाही तेव्हा कामाला येईल. त्यांना त्याचं नाव काढलं की वाटतं आपण घर काढून घेतोय, दोनदा चिडले, मग आईने समजावलं. पुढच्या मंगळवारी दुय्यम निबंधकाकडची वेळ घेतलीय, आईचं नाव घालतोय, माझं नको म्हणून मीच सांगितलं.